सात पालकांचा नागनाथ

परभणी, ११ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप अण्णासाहेब दाजींस,

दिनकरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरतो असं अक्कानं कळवलं होतं. आता ऊन तापू लागलंय, तो गप्प झाला असेल. इकडे माझी प्रकृती ठीक. गल्लीची बिघडली होती, त्याची हकीकत लिहितो.

कृषी महाविद्यालयात शिकणारा परदेशी मुलगा माझ्या माडीवर राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (त्याचं खरं नाव इथं कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून समोरच्या गिरणीवाल्या दगडाबाईनं त्याला नागनाथ केलं. तिनं ठेवलेलं नाव बदलत नाही.) त्याच्या देशात सतरा वर्षं एकच माणूस राज्य करतो. त्या माणसाचा वाढदिवस आला. परदेशी शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं अभिनंदनाच्या कागदावर सही करून तो दिल्लीच्या वकिलातीत पाठवायचा होता. नागनाथनं सही केली नाही. त्याच्या भावाला त्याच माणसानं तुरुंगात ठेवलं आहे, आणि भावाचा वाढदिवसही त्याच आठवड्यात येतो. महिन्याभरात नागनाथची शिष्यवृत्ती बंद झाली. एका न केलेल्या सहीची एवढी लांब शेपूट! मी मारुतीचीही पाहिली नाही.

मग दगडाबाईनं सात घरांत त्याचे जेवणाचे सात वार लावून दिले, पूर्वी गरीब विद्यार्थ्यांचे लावत तसे. सोमवार माझा, शनिवार अप्पारावांचा. महाविद्यालयानं स्थानिक पालकाची सही मागितली, तेव्हा पालक कोण यावर वाद झाला. जो जेवू घालतो तो पालक, असा दगडाबाईनं निकाल दिला. सात जणांनी सह्या केल्या. (जागा एकाच सहीची होती. उरलेल्या सहा समासात गेल्या.) कारकुनानं कपाळाला हात लावला, पण शिक्का मारला.

गेल्या मंगळवारी वकिलातीचा माणूस आला. राखाडी सफारी, चामड्याची बॅग, दिल्लीत सिनेमे पाहून शिकलेली हिंदी. नागनाथला दिल्लीला न्यायचं आणि तिथून विमानात बसवायचं, एवढंच त्याचं काम. नागनाथ माडीवर कडी लावून बसला. विमान म्हणजे भावाच्या शेजारची कोठडी, असं त्यानं मला दाराआडून सांगितलं. प्राचार्यांनी पाहुण्याला नियम दाखवला: पालकाच्या सहीशिवाय नाव कमी होणार नाही. पालक सात. सातही सह्या हव्यात. दाजी, या गल्लीत सरकारी नळ कुणाच्या दारापुढे बसवावा यावर अकरा वर्षं एकमत झालेलं नाही. (तो नळ पोत्यात गुंडाळून माझ्या जिन्याखाली पडला आहे.)

तो दारोदार फिरला. प्रत्येक दारी एकच उत्तर: आधी बाकीच्यांची आणा, मग माझी. आणि जेवणाची वेळ, त्यात परमुलखातला माणूस, तेव्हा उपाशी कसा सोडणार? पहिल्या घरी पिठलं-भाकरी, दुसऱ्या घरी वांग्याचं भरीत, माझ्याकडे वरणफळं. चौथ्या घरी प्रभावतीबाईंचं पुरण होतं. तिथं त्यानं पट्टा सैल केला. पाचवं घर अप्पारावांचं. तिथं त्यानं बॅगेतून ट्रान्झिस्टर काढला. अप्पारावांना एकदम पटलं की दुसऱ्या देशाच्या घरगुती बाबतीत आपण पडू नये. त्यांनी पाहुण्याचं पेन हातात घेऊन टोपणही काढलं. तेवढ्यात पिठानं पांढरी झालेली दगडाबाई दारात उभी राहिली.

"करा की सही, अप्पाराव. पण वैशाखात तुमच्या पोरीच्या लग्नात वाढायला या सहा घरांतलं कुणी बी यायचं न्हाई. पाचशे पानं तुमी आन तुमचा रेडू वाढा."

"मी नुसतं पेन चालतंय का बघायलो होतो, वैनी," अप्पाराव म्हणाले. टोपण लागलं. ट्रान्झिस्टर परत बॅगेत गेला. (पेन अप्पारावांच्या खिशात राहिलं. तेवढी सवलत गल्लीनं दिली.)

पाहुणा तिथंच बाजेवर आडवा झाला. दगडाबाईनं त्याला ओवा दिला, आणि वर सांगितलं की अजून दोन घरं बाकी हायेत. तर असं आहे. पोरगं वाचलं, एप्रिलात परीक्षा देईल. युनोला कळवावं का, असं अप्पाराव विचारतात.

अक्कास नमस्कार.

आपला,
दिनकर

ता. क. पत्र घेऊन आलेला आणि आत्ता तुमच्या ओट्यावर बसलेला माणूस नागनाथ नव्हे. तो वकिलातीचा माणूस. रिकाम्या हातानं परतला तर विमानातली ती जागा त्याचीच. परवा त्यानं दगडाबाईला विचारलं, मला वार मिळतील का? आठवड्याला वार सातच, आणि ते भरलेले. म्हणून तुमचं नाव सुचवलं. आपल्या सरकारकडे त्याच्या आसऱ्याचा अर्ज केला आहे. उत्तर येईपर्यंत त्याला तुमच्या दुकानात बसवा. शेजारची सहा घरं तुम्हीच जमवा. एकट्यानं पालक होऊ नका.

आणखी एक. पाकीट फोडलेलं दिसलं तर रागावू नका. मराठी त्याला वाचता येत नाही, पण लोकांची पत्रं फोडणं हे त्याचं बारा वर्षांचं काम. सवयीचा हात आवरणार नाही. पुन्हा चिकटवायला डिंकाची बाटली मीच त्याच्याजवळ दिली आहे.