उलट्या मिरवणुकीचा ढोल

प्रिय भिंगरी,

फोनवर माझा आवाज फुटला असता, म्हणून लिहायला बसलोय. दुकानात गिऱ्हाईक नाही आणि दुपारचं ऊन थेट टेबलावर पडलंय. हल्ली गिऱ्हाइकांच्या नव्या चाव्या घासणं, लिहिणं-वाचणं, सगळं या उन्हातच उरकून घेतो.

गल्लीत मिरवणुकीची तयारी जोरात आहे. कोपऱ्यावरचा न्हावी सकाळपासून ट्रम्पेट फुंकतोय आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ऐकत बसलंय. बेकरीवाल्या मावशींनी अकॉर्डियनचा फाटका भाता चिकटपट्टीने सांधलाय. सूर मागे राहिला तर राहू दे, आपण उलटेच चालणार, वाटेत भेटेलच की, असं त्या म्हणतात. मागच्या महिन्यात शिट्टीचा दिवस झाला. दिवसभर कुणी बोलायचं नाही, नुसत्या शिट्ट्या. शिंपीकाका शिट्टीतच बायकोशी भांडले आणि हरलेसुद्धा. सगळे पोट धरून हसत होते. मीही हसत होतो, पण एक हात भिंतीला लावून.

तू पहिल्यांदा उलटी चाललीस ते आठवतं? सगळी गल्ली पाठमोरी चालते, तोंडं माझ्याकडे, आणि सरळ चालणारा मी एकटाच, सगळ्यांत शेवटी, गळ्यात ढोल. साधा ठेका असेपर्यंत चालायचं, काठावर टिपरी पडली की वळायचं, ढोल थांबला की थांबायचं. तेव्हा तू रडवेली होऊन म्हणाली होतीस, बाबा, मला मागचं दिसत नाही, मी पडले तर? मी म्हणालो होतो, मला दिसतंय ना. तेवढ्यावर तुझं रडू थांबलं.

गेल्या वर्षी वळणावर फळवाल्याची हातगाडी उभी होती. गल्लीतल्या पोराटोरांना दिसली असती अशी, जवळच, डाव्या अंगाला. मला दिसली नाही. मी साधा ठेका वाजवत राहिलो आणि न्हावी ट्रम्पेटसकट संत्र्यांत जाऊन बसला. हशा काय पिकला! सगळ्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं. ढोलवाल्या, शेवटी तुलाही विनोद सुचला म्हणायचा, असं म्हणत लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. आता तीच प्रथा झालीय. यंदा गाडी मुद्दाम तिथं उभी करणार, तिच्यावर गाद्या घालणार आणि न्हाव्याने बसायला एक जुनी पँट राखून ठेवलीय. माझ्या चुकीला टाळ्या पडतात, आणि पुढच्या वळणावर गाडीऐवजी उघडं गटार असलं तर काय, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. माझ्या मात्र मनातून ते जात नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. तुझ्या आईला चष्म्याचं निमित्त सांगितलं. समोरचं अजून चांगलं दिसतं, पण कडा विझत चालल्यात. मान वळवली नाही तर शेजारचा माणूससुद्धा नसल्यासारखा. अंधार पडला की आणखी वाईट.

परतताना तुझे आजोबा, माझे वडील, आठवले. दिवेलागण झाली की ते गावच्या घरात कोपऱ्यात जपाला बसायचे, ते सकाळपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. लोक म्हणायचे, कोंबड्यांबरोबर झोपतो. मला वाटायचं, केवढी ही भक्ती. त्यांच्याकडे बघून मी जपाला बसायला शिकलो. आता वाटतं, बिचाऱ्यांना बाहेरचं काही दिसतच नसावं, आणि ते कुणाला सांगायचं नसावं. तरी जप खोटा नव्हता. भ्यालेला माणूस खोटा जप करत नाही, हे मला या दिवसांत कळलंय. देवापुढे बसलो तर मागणं मागायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. आता रोज एकच मागतो, आणि ते माझ्या डोळ्यांसाठी नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर हसत सांगितलंस की संध्याकाळी जिन्याची पायरी चुकली आणि पाय मुरगळला. वर म्हणालीस, बाबा, मी अगदी तुमच्यावर गेलेय, आणि यंदा ढोल मीच घेणार. मी हसलो, पण वरवरच. कारण डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं, मुलंबाळं आहेत का? हे रक्तातून उतरतं, त्यांचेही डोळे तपासून घ्या. म्हणून हे पत्र. इकडे यायच्या आधी, पत्र मिळताच, तिथल्या डॉक्टरांकडे जा. ढोल तुला द्यायचा की कुणालाच नाही, ते मग ठरवू. मिरवणुकीआधी गल्लीला माझं मी सांगेन. तपासणीत समोर टक लावून बघायला लावतात, आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात, आणि ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं असतं. ते ठिपके साधारण एका लयीत येतात, पोरी. हाताला ती लय लगेच सापडते. मला सापडली, आणि न दिसलेले ठिपकेही मी ठेक्यात दाबत गेलो. डॉक्टर म्हणाले, काका, मी केव्हाच मशीन थांबवलंय. तुझा हात माझाच आहे, म्हणून हात जोडून सांगतो, तू ठेका धरू नकोस. दिसला तरच दाब.

तुझाच, या खेपेला तुझ्याआधी भ्यालेला,
बाबा