मनगटावरचे ठोके

प्रिय साठ,

हो, साठच. नर्सिंगचा आपला सगळा वर्ग पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणायचा आणि तू एकटी घड्याळाकडे बघत पूर्ण साठ सेकंद मोजायचीस, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. तू मला प्रेशर म्हणायचीस, कारण माझा पारा कायम चढलेला. आधीच्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. नको देऊस, पण हे शेवटपर्यंत वाच. आपल्या वर्गातला बुटका काल दुकानात येऊन सांगून गेला की सोमवारी तुझी चौकशी आहे आणि तुला शेवटच्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही ते त्यातच ठरणार. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आज दोन बोल्ट वाकडे आवळले आणि एका गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडलो.

दुकान म्हणजे मामाचं, पाण्याचे पंप दुरुस्त करायचं. मामा चार लोकांत मला डॉक्टरसाहेब म्हणतो. "डॉक्टरसाहेब, हा पेशंट खालून गळतोय, बघता का जरा?" अंगाचा तिळपापड होतो, पण दोष माझाच. पहिल्याच आठवड्यात एका काकांना क्षाराने भरलेला पाइप दाखवून मी सुनावलं होतं की तुमच्या रक्तवाहिन्यांतही असाच थर बसतो, दाब वाढत जातो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. काका म्हणाले, "ते राहू दे, पंप कधी देतोस ते सांग." दिवसभर उभी राहून मामीच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्यात. मी म्हटलं, मामी, मधूनमधून पाय उशीवर ठेवून पडत जा. तर म्हणे, "मी पाय वर करून पडते, पोळ्या तुझी साठ येऊन लाटेल का?" म्हणजे बघ, घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे.

कॉलेजात आपल्या बाई शिकवायच्या, हृदय म्हणजे पंप. बाईंनी आयुष्यात पंप उघडलेला नसणार. पंप बंद करता येतो. टेबलावर सुटा करून ठेवायचा, चहा पिऊन यायचं, मग झडप बदलायची. इथे माझी चूक झाली तर फार तर कुणाची टाकी भरत नाही. मला हेच खुपतं. इथे चुका केवढ्या स्वस्त आहेत!

आणि त्याहून जास्त काय खुपतं सांगू? कॉलेजात अजून माझी कथा चालते म्हणे. बाई तुला बोलल्या, ते मला सहन झालं नाही, मी वॉर्डातच बाईंवर ओरडलो, एप्रन टेबलावर फेकला आणि जिने उतरून निघून गेलो. पोरी म्हणतात, प्रेम असावं तर असं. मागच्या खेपेला बुटका मला हे कौतुकाने सांगत होता आणि मला त्याचं थोबाड रंगवावंसं वाटत होतं. तू मात्र त्याच्याबरोबर निरोप धाडलास की माझ्यासाठी भांडायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या त्या वाक्यावर मी दोन दिवस जळफळत होतो. मग लक्षात आलं की मी तुझ्यासाठी भांडलोच नव्हतो.

त्या सकाळी सात नंबरच्या खाटेवर ते निवृत्त पोस्टमन आजोबा होते. त्यांचं हृदय ताल सोडून धडधडायचं, दोन ठोके लगोलग, मग एक गायब, मग पुन्हा घाई. अशा माणसाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचत नाही, म्हणून दोघांनी एकदम मोजायचं, एक छातीशी, एक मनगटाशी, घड्याळ एकच. दोन आकड्यांत फार फरक दिसला तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं. तू स्टेथोस्कोप लावून छातीशी वाकलीस, मी मनगट धरलं, तू "सुरू" म्हणालीस. चाळीसपर्यंत मी मोजलं. मग तुझ्या कानामागची बट सुटून आजोबांच्या सदऱ्यावर आली, आजोबा हसले, मी तुझ्याकडे बघत राहिलो, आणि तू "थांब" म्हणालीस तेव्हा माझ्याकडे आकडाच नव्हता. तू एकशे बारा लिहिलेस. मी ते तिरप्या नजरेने वाचलं आणि एकशे दहा म्हणालो.

तुला शंका आली होती. इतक्या बेताल छातीत दोनाचाच फरक कसा, पुन्हा मोजू या, असं तू म्हणालीस. आणि मी काय केलं? फणफणलो. माझ्यावर एवढाही विश्वास नाही का, म्हणालो. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि सही केलीस, कारण छातीशी असेल त्याने सही करायची हा नियम. दुपारी आजोबा न्हाणीघराकडे जाताना चक्कर येऊन पडले. कपाळाला सहा टाके. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू होत्या, रक्त थांबता थांबेना. बाईंनी दुसऱ्या सिस्टरला घेऊन मोजलं तर छातीत एकशे अठरा आणि मनगटात चौऱ्याऐंशी. सकाळीच खरा आकडा लिहिला असता तर डॉक्टर सकाळीच आले असते. आजोबांना कुणी उठू दिलं नसतं. बाई तुझ्याकडे बघून विचारत होत्या, आणि मला वाटलं आता माझ्याकडे वळतील. म्हणून मी आधीच ओरडलो. त्याला लोक प्रेम म्हणतात.

सोमवारी दहाला मी येतोय, चौकशीत हे सगळं माझ्या तोंडाने सांगायला. पण मी मला ओळखतो. कुणी एक वाकडा शब्द बोललं की माझा तोल जाईल, मी दार आपटून निघेन आणि सांगायचं ते पुन्हा माझ्या घशातच राहील. म्हणून सगळं लिहून काढलंय. मी यायच्या आत हा कागद बाईंच्या हातात दे. बट, मामी, पोळ्या, सगळ्यासकट दे, काही फाडू नकोस. त्या वाचतील, हसतील, हसू देत. खाली सही करतोय. या वेळी सही माझी आहे.

तुला नको असलो तरी तुझाच,
प्रेशर
(सात नंबर खाट, मनगट मोजणारा)