किल्लेदार हरता कामा नये

५ जानेवारी २०२५, सकाळी ७
रविवार असूनही चर्चला दांडी. काम मोठं आहे. संकल्प : महिन्याभरात गेम पुरा करायचा. नाव 'तटबंदी'. मोबाईलवरची मारामारी, पाच शत्रू, शेवटचा किल्लेदार. चित्रं माझी धाकटी बहीण जास्मिन काढते. डोकं माझं.

११ जानेवारी
शेजारच्या गिरणीवाल्या छबूमावशींना खेळून बघायला दिला. एक दळण होईपर्यंत त्यांनी किल्लेदाराला तीनदा लोळवलं. एकच खालची लाथ, पुन्हा पुन्हा तीच. वर म्हणतात, "लई सोपं हाय की रे शांतवन!" याला खेळणं म्हणत नाहीत. बाईंना तत्त्व नाही.

दुपारी ४. मीही किल्लेदाराशी खेळलो. हरलो. लक्ष नव्हतं.

१४ जानेवारी
लाथेचा बंदोबस्त केला. आता लाथ मारणाऱ्याचीच लाईफ कमी होते. मावशी खवळल्या. "मीच मारते अन् मलाच लागतं व्हय? ही कुठली रीत?" फोन परत देताना सगळ्या स्क्रीनला पीठ. मुद्दाम.

१९ जानेवारी
मोठी सुधारणा. खेळाडूने बटण दाबलं रे दाबलं की किल्लेदाराला कळतं आणि तो वार अडवतो. मी याला हुशारी म्हणतो. जास्मिन चोरी म्हणते. तिचं म्हणणं, गेम कितीही अवघड असू दे, पण हरल्यावर माणसाला कळलं पाहिजे आपलं काय चुकलं. मी म्हटलं, मला कळतंय तेवढं पुरे. तेव्हापासून अबोला. चित्रं मात्र वेळेवर देते. स्वाभिमान नाही.

२६ जानेवारी
गेम ऑनलाइन टाकला. सदतीस डाउनलोड! आमच्या कोल्हार गावाचं नाव होणार.

२७ जानेवारी
एकोणतीस जणांचा एकेक स्टार. प्रत्येकाला उत्तर लिहिलं. संगमनेरच्या एकाला अंगठे डॉक्टरला दाखवायला सांगितलं. जास्मिनने अबोला सोडला, पण कशासाठी, तर "दादा, लोकांशी भांडू नको" म्हणायला. मी भांडत नाही. चुका दाखवतो.

२८ जानेवारी
चौतीस जणांनी गेम काढून टाकला. उरलो तिघं : मी, जास्मिन, छबूमावशी. मावशींना फोनमधून काही काढता येत नाही.

२ फेब्रुवारी
पुण्याच्या एका गेम कंपनीतले हनुमंत साहेब उद्या घरी येणार. जास्मिनने त्यांना परस्पर काहीतरी पाठवलं होतं म्हणे. गेमची कीर्ती पोचलीच. जास्मिन गयावया करत होती, उद्यापुरता गेम सोपा कर. पाहुण्याला सोपं देणं हा त्याचा अपमान. अजून अवघड केला. संकल्प : नम्र राहायचं.

३ फेब्रुवारी
हनुमंत साहेब पहिल्याच शत्रूकडून सात वेळा हरले. मी नम्रपणे म्हटलं, बोटं जड आहेत तुमची. त्यांनी विचारलं, "तुम्ही जिंकून दाखवता का?" बसलो. नऊ सेकंदांत आडवा झालो. चार्जिंग कमी होतं. दारातून छबूमावशी खो-खो हसल्या. यांना कोणी बोलावलं होतं?
मग साहेब तासभर जास्मिनशीच बोलत बसले. चित्रांबद्दल. चहा मी केला. त्यांनी अर्धा ठेवला.

१० फेब्रुवारी
जास्मिन पुण्याला गेली. त्याच कंपनीत नोकरी. बसच्या खिडकीतून म्हणाली, "दादा, मी एक फाईल ठेवलीय. किल्लेदाराचं ते आधीच ओळखणं काढलंय. बघ तरी." मी म्हटलं, उपकार नकोत. बस हलली, तरी तिचं चालूच होतं, पण ऐकू आलं नाही.
मावशी म्हणतात, तिने किल्लेदाराला माझाच चेहरा दिलाय. मला साम्य दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी १०
तिची फाईल उघडली नाही. गेमचा बॅलन्स, म्हणजे सोप्या-अवघडाचा मेळ, मी स्वतः करणार.
११.३० : पहिल्या शत्रूची लाईफ निम्मी केली. हरलो.
१२.१५ : पाव केली. हरलो.
दुपारी १ : शत्रूला हात खाली सोडून नुसतं उभं केलं. दुसऱ्या प्रयत्नात जिंकलो!
आता बॅलन्स एकदम बरोबर आहे. "जास्मिन, हे बघ!" म्हणून हाक मारली. दोनदा मारली.