तांदळावर बसवलेला लॅपटॉप

बाबा, धाकटीला लॅपटॉप घेतला. तुम्ही गेलात तेव्हा ती मोरीचा कठडा धरून उभं राहायला शिकत होती. आता ती माटुंग्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, माझ्या खांद्याला लागते, आणि तुमच्याबद्दल अशी बोलते की जणू तुम्ही आम्हा दोघांचे सारखेच होता. मी कॉलेज मध्येच सोडलं, हे आईनं फोटोपुढे दिवा लावताना तुमच्या कानावर घातलं असेलच. त्यानंतर मी ट्रेकवाल्यांबरोबर फिरलो, मनालीत एका हॉस्टेलात चादरी बदलल्या, गोव्यात स्पीकर उचलले. मनालीला एक म्हातारा होता, तो रोज सकाळी नदीतले दगड गोळा करायचा आणि संध्याकाळी परत नदीत टाकायचा, त्याच्यावर मी तुम्हाला वेगळं लिहीन. तर, घरी आलो की आई विचारते, "मेल्या, आता किती दिवसांचो पावणो?" या वेळी तिनं ते विचारलं नाही. म्हणाली, भिशी लागली आहे, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, तू बरोबर जा, "तुका कळता त्यातला."

आता खरं सांगतो. लॅपटॉप मलाही हवा होता. गोव्यात स्पीकर उचलता उचलता एकानं मला लॅपटॉपवर आवाज कापायला आणि जोडायला शिकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी बसून राहिलो. एका संस्थेत त्याचा अभ्यासक्रमही आहे, त्यात नाव घालून आलो होतो, आईला अजून सांगितलं नव्हतं. मी कॉलेजात होतो तेव्हा आई म्हणाली होती की कॉलेजात आहेत ना कॉम्प्युटर, तिथेच कर काय ते. तेव्हा भिशी लागली नव्हती, हे मला समजतं. समजतं म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही. तेव्हा मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की असा घ्यायचा जो दोघांना वापरता येईल, म्हणजे मला. पातळ, चंदेरी, बटणांखाली रंगीत दिवे असलेला.

ग्रँट रोडहून गिरगावाकडे यायला लागलं की इलेक्ट्रॉनिकच्या दुकानांची रांग लागते, तिथे गेलो. एका दुकानात तो माझा चंदेरी काचेच्या टेबलावर ठेवलेला होता. मी दुकानदाराशी त्याच्या वेगाबद्दल बोलत होतो, ग्राफिक्स वगैरे. धाकटीनं झाकणाखाली एकच बोट घातलं आणि हळू वर उचललं. झाकणाबरोबर खालचा भागही उठला. तिनं ते खाली ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं, आणि मग मान डावीकडे कलती करून कान बिजागरीजवळ नेला. दुकानातला पोरगा हसला. म्हणाला, "ताई, इसमें आवाज नहीं आती." ती म्हणाली, "इसीलिए तो सुन रही हूँ." बाबा, तशी मान मी एकाच माणसाची पाहिलेली आहे.

लालबागच्या बाजारात तुम्ही मला कंपासपेटी घ्यायला नेलं होतं. तुम्हाला रात्री दौऱ्यावर जायचं होतं, नाटकाचा सेट ट्रकमध्ये भरायचा होता, आणि तरी तुम्ही त्या दुकानात उभे राहून एकेक पेटी उघडत होता, मिटत होता, कानाशी नेत होता. माझी नजर एका पेटीवर होती, तिच्यावर विमानाचं चित्र होतं. दुकानदार शेवटी वैतागला आणि म्हणाला, "घेणार आहात की दार बसवून बघताय?" तुम्ही मान न उचलता म्हणालात, "दारंच बसवतंय मी, शेठ. पोटासाठी." मग मला म्हणालात की जी वस्तू रोज उघडायची आणि रोज मिटायची, ती मरते ती बिजागरीपाशी, चित्र शेवटपर्यंत छान दिसतं. विमान मिळालं नाही. मिळाली ती निळी, बिनचित्राची पेटी, जी मी दहावीपर्यंत वापरली आणि जिचा आतून द्वेषही केला. आणि बघा, एवढं सगळं माझ्यासमोर झालेलं असताना गिरगावच्या दुकानात मी परत विमानाचं चित्रच निवडत होतो. जिनं तुम्हाला धड पाहिलंही नाही, ती कान लावत होती. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं तुला. म्हणाली, "कुणी नाही. असंच."

असंच. मला त्या शब्दाचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन एका पाटी रंगवणाऱ्याकडे बघत उभा राहिलो. बाबा, काय हात होता त्याचा, एका दमात वेलांटी. आत आलो तर तिच्यासमोर एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता. कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला, दुकानदारानं तपासून, नवी बॅटरी घालून ठेवलेला, झाकणावर स्टिकर खरवडल्याची खूण. एका बोटानं झाकण उघडलं, खालचा भाग जागचा हलला नाही. तिनं बटणांच्या मधोमध अंगठा दाबून बघितला, दबलं नाही. मग तो उलटा केला आणि पाठीवरचे स्क्रू दाखवून विचारलं की हे साधे आहेत ना, आपल्याला उघडता येतील ना. येतील म्हटल्यावर तिनं माझा चंदेरी उलटा करून बघितला. त्याच्या पाठीला एकही स्क्रू दिसत नव्हता. "अगं, कारकुनासारखा दिसतोय हा," मी म्हणालो. ती म्हणाली, "मला कुठे लग्न लावायचंय त्याच्याशी?" दुकानातले सगळे हसले, मी पण हसलो, पण माझं ते नुसतं दात दाखवणं होतं. त्या यंत्रावर माझा अभ्यासक्रम चालेल की नाही, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर चालेल असं कळलं असतं, आणि मग रुसायला कारण उरलं नसतं.

परतीच्या बसमध्ये ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हात वर ठेवून. भायखळ्याच्या आसपास तिनं विचारलं, "दादा, बाबा सामान घ्यायला गेले की काय करायचे रे?" तोंडाशी कंपासपेटी आली होती. मी म्हणालो, आठवत नाही. तिच्याकडे तुमची मान आहे, तुमची लांब बोटं आहेत, आई म्हणते की झोपेत पायही तसेच ओढते. माझ्याकडे फक्त आठवतं तेवढंच आहे. तेही वाटून टाकलं तर माझ्या हातात काय राहतं?

मग दसरा आला. तुमची हत्यारांची पेटी आई अजून कॉटखालून काढते, पुसते, आणि पाटावर ठेवते. तिला हळदकुंकू दरवर्षी मी लावतो. कुठेही असलो तरी दसऱ्याला येतो, एवढी एकच गोष्ट मी आजवर नेमानं केली आहे. या वर्षी पेटीशेजारी लॅपटॉपही ठेवला, आणि आई मला म्हणाली, "तिका लावू दे. यंत्र तिचा आसा." मी म्हणालो, लॅपटॉपला लावू दे, पेटीला मी लावतो. आई म्हणाली की आता दोन्ही वस्तू एका पाटावर आहेत, दोघं कुठे लुडबुड करताय. धाकटीनं दोन्हीला लावलं. मी खिडकीशी जाऊन खाली झेंडूची तोरणं बांधलेल्या टॅक्स्या बघत राहिलो.

आता गंमत ऐका. कलश असो की देव, आई कुणालाही नुसत्या पाटावर बसवत नाही, खाली तांदळाची रास घालते. तशी लॅपटॉपखालीही घातली. चांगली ओंजळभर. लॅपटॉपला खालून हवा घ्यायच्या फटी असतात, आणि रेशनच्या तांदळात कणीच जास्त. दुसऱ्या दिवशी धाकटीनं तो सुरू केला तर आतला पंखा खर्र खर्र करायला लागला, उसाच्या गुऱ्हाळासारखा. आई कबूल होईना. "भिजलेलो मोबाइल लोक तांदळात घालतत मां? मगे?" धाकटी हसून हसून खाली बसली. मग तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, बाबांच्या पेटीतला सगळ्यात छोटा स्क्रू ड्रायव्हर देशील?

माझ्याकडे मागितला, स्वतः पेटी उघडली नाही, हे मी लक्षात घेतलं. दिला. तोच, ज्यानं तुम्ही चष्म्याची काडी घट्ट करायचा. तो चपट्या तोंडाचा, आणि हिचे स्क्रू फुलीचे. बसेचना. मला बरं वाटलं, बाबा. "बघ," मी म्हणालो, "बाबांचं याला नाही चालत." तिनं तो ओढणीला पुसला, पेटीत होता त्याच खाचेत परत ठेवला, आणि खालच्या चष्म्याच्या दुकानातून फुलीचा मागून आणला. पाठ उघडली, वर्तमानपत्रावर लॅपटॉप तिरका धरला, हळू टिचक्या मारल्या. कणी पडली, त्यात एक दाणा कुंकवाचा लाल. आईनं ते सगळं गोळा करून तुळशीत टाकलं. पंखा गप्प झाला. धाकटीनं कान लावून खात्री केली, डावीकडे मान. आणि तसंच, कान तिथेच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुझ्याकडे एवढे बाबा आहेत. मला एखादा दिवस दे ना."

मग मी दिला. परळच्या नाट्यगृहातला. दुपार आहे, खुर्च्या रिकाम्या आहेत, रात्री प्रयोग आहे. तुम्ही दिवाणखान्याची भिंत उभी करून मागून टेकू देताय. भिंतीत दार आहे, त्याच्यामागे घर नाही, नुसते दोर आणि चहाचे ग्लास. "उघड," तुम्ही म्हणता. मी धाडकन उघडतो आणि अख्खी भिंत थरथरते. तुम्ही रागवत नाही, जवळ येता, माझा हात कडीवर ठेवता. "दाराशी भांडू नको. त्याका सांग, मी येतंय." उघडताना कुणाला कळू नये आणि मिटताना शेवटच्या रांगेला ऐकू जावं, असं दार हवं, हे तुम्ही तेव्हा सांगितलं. मी हळू उघडतो, हळू मिटतो. टक. रिकाम्या खुर्च्यांपर्यंत तो आवाज जातो. तुम्ही मान कलती करून ऐकताय.

धाकटीनं सगळं ऐकलं. लॅपटॉपचं झाकण एका बोटानं मिटलं. मग विचारलं, "तेव्हा मी कुठे होते?"

घरी होती. तान्ही होती, आईच्या मांडीवर. त्या दिवशी तुम्ही फक्त मला नेलं होतं आणि मी तो दिवस इतकी वर्षं त्यासाठीच जपला आहे. मी म्हणालो, "कडेवर. बाबांच्या." रात्री ती आपणहून म्हणाली की तुझ्या अभ्यासक्रमाला संध्याकाळी लॅपटॉप घेत जा, मला कळलंय, तुझ्या पिशवीत पावती दिसली, आईला मी सांगते. हे मी त्याच्यावरच लिहितोय. ती क्लासला गेली आहे. ठेवलं तर ती वाचेल आणि कडेवरून खाली उतरेल, म्हणून ठेवणार नाही, पुसून टाकतो. तुम्हाला मात्र कळायला हवं. तिनं पुढे विचारलं होतं, दार तू एकट्यानंच उघडलंस का. दोघांनी मिळून, एवढं म्हणायचं होतं, तिचा छोटा हात कडीवर ठेवायचा होता फक्त. नाही जमलं, बाबा. मी उघडलं, असंच सांगितलं.