सबब कबूल

शके १७१४, माघ वद्य ७

आज दादांच्या जागेवर बसलो. न्यायाधीशांच्या कचेरीत उजवीकडून दुसरी बैठक. गादीत अजून त्यांच्या डाव्या गुडघ्याचा खळगा आहे. मी जरा सरकून बसलो.

काम आठ वर्षे पाहिलेले — भांडणाऱ्यांना प्रश्न विचारायचे, जबानी लिहायची, मग भर सभेत मोठ्याने वाचायची. मी आजवर नुसत्या नकला केल्या. नकलेला आवाज लागत नाही!

वडील कारकून गोपाळकृष्णपंत म्हणाले, एक वाद तडीस न्या. जागा तुम्हाला कायम करायची की दत्तोबाला द्यायची, ते मग न्यायाधीश शास्त्रीबोवा ठरवतील.

माघ वद्य ८

एक जुना कागद वाचून पाहिला. दत्तोबा शेजारून म्हणाला, "श्रीधरपंत, तुमचा आवाज तुम्हाला तरी ऐकू येतो का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना वाटले, त्याचे काही चुकले नाही.

माघ वद्य १०

दादांना जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या पागोट्याची खुंटी रिकामीच आहे. शेवटचे दोन दिवस तापात सारखे पागोटे मागत होते, उठून दाराकडे निघत होते. वहिनींनी ते पागोटे कुठे ठेवले, मी विचारले नाही. त्या माझ्याशी जेवणाखाणापुरते बोलतात. मीही तेवढेच.

माघ वद्य १२

वाद मिळाला. कसब्यातल्या कागदीपुऱ्याचा. नियाज कागदी आश्विनात वारला. कागदाचा लगदा भिजवायचा हौद कोणाचा — त्याची बायको सकीना हिचा, की धाकटा भाऊ मकसूद याचा? मकसूदकडे कागद आहे : नियाजने शके १७०१ मध्ये हौद त्याला दिला. हौद गेला तर सकीना आणि तिची मुलगी रशीदा यांचा धंदाच गेला.

जबानी दादांनीच घेतलेली. त्यांच्या हातची शेवटची. अक्षर कापरे आहे, ताप भरत असणार. लिहिले आहे — "सकीना पडद्याआड. कागद वाचून दाखविला. नाकारिले नाही. सबब कबूल."

म्हणून कबूल धरले, म्हणजे काम सोपे. वाचायचे आणि उठायचे.

पण "नाकारिले नाही" — म्हणजे बोलली काय? बोललीच नाही की काय?

माघ वद्य १३

कागदीपुऱ्यात जाऊन आलो. दारात रशीदा होती, वीसेक वर्षांची. हात कोपरापर्यंत लगद्याने पांढरे. मी विचारले, जबानीच्या वेळी आई काय म्हणाली?

"काय म्हणणार? बाप जाऊन दोन महिने झाले होते. चार महिने दहा दिवस परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तुमच्या कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. दादांनाही नसावे.

मी स्वतः जन्मभर गप्प बसलेला माणूस. किती जणांनी माझे गप्प बसणे होकार म्हणून धरले असेल!

फाल्गुन शुद्ध २

गोपाळकृष्णपंतांना सांगितले. म्हणाले, गेलेल्या माणसाच्या लिहिण्यावर बोट ठेवायचे, तेही त्याच्याच गादीवर बसून? चुकलात तर जागाही जाईल आणि भावाचे नावही. चुकला नाहीत तरी नाव जाईलच.

बरोबर आहे.

फाल्गुन शुद्ध ५

वहिनींना आधी सांगावे असे वाटले. सांगितले. सकीनाबाईंचे नाव निघताच त्यांनी हातातले काम ठेवले. "भाऊजी, ते गेले. आता त्यांना चुकीचंही ठरवणार?" तेव्हापासून पान वाढतात आणि आत जातात.

फाल्गुन शुद्ध ९

पुन्हा जबानी घ्यावी असा अर्ज लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. दिला.

फाल्गुन शुद्ध १५

होळी. आपल्या घरी नाही.

फाल्गुन वद्य २

आज सभा झाली. सगळे लिहून ठेवतो.

दादांची जबानी वाचली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, मागून कोणी खोकले. "सबब कबूल"पाशी थांबलो. मग म्हणालो की हे माझ्या भावाने लिहिले, आणि हे चुकले आहे. बाई सुतकात होत्या, त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आता मुदत संपली आहे. त्यांना विचारण्याची आज्ञा व्हावी.

एवढे बोललो! शेवटच्या भिंतीपर्यंत पोचले असावे, कारण खोकला बंद झाला.

शास्त्रीबोवांनी मान हलवली. मी पडद्याकडे तोंड करून विचारले. सकीनाबाईंनी मकसूदचा कागद आत मागवला. थोड्या वेळाने बाहेर दिला. आवाज बारीक, पण स्वच्छ —

"उजेडाला धरा. डाव्या कोपऱ्यात रेघा वाकड्या दिसतील."

दिसल्या. लगदा ज्या गवती काड्यांच्या चटईवर उचलतात, तिच्या रेघा प्रत्येक तावात उमटतात. त्यांची चटई रशीदाच्या हातून फाटली आणि सकीनाबाईंनी स्वतः शिवली, त्याला तीन वर्षे झाली. त्या टाक्यांचा हा माग. मग तेरा वर्षांपूर्वीच्या कागदात तो कसा? घरून जुने-नवे ताव आणवले, चटईही आणवली. शास्त्रीबोवांनी एकेक ताव खिडकीशी धरला. जुन्यांत रेघा सरळ, नव्यांत वाकड्या.

मकसूदला विचारले. तो खाली पाहत राहिला. दत्तोबा कानाशी म्हणाला, गप्प आहे, लिहा कबूल.

नाही लिहिले. लेखणी खाली ठेवली. दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले. मग तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "कागद भाऊ गेल्यावर केला. घरच्याच थप्पीतला."

ते लिहिले.

हौद सकीनाबाईंचा. निवाडपत्र मीच वाचले. पुन्हा खोकला नाही!

फाल्गुन वद्य ३

जागा कायम. शास्त्रीबोवांनी हुकूम केला की यापुढे या कचेरीत कोणाचेही मौन कबुली म्हणून लिहू नये. दत्तोबा म्हणाला, "आता तुम्हाला जरा हळू बोला म्हणावं लागेल." आणि विडा पुढे केला. घेतला.

गादीवर आज सरकून बसलो नाही.

घरी सांगितले. वहिनी पान वाढून आत गेल्या.

फाल्गुन वद्य ४

सकाळी वहिनींनी कणगीतून दादांचे पागोटे काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "मीच लपवलं होतं. कागदीपुऱ्यात जायचंय, त्या बाईला परत विचारायला हवं, असं म्हणत होते. मला वाटलं तापातली बडबड. जाऊ दिलं नाही."

मी नेहमीसारखा गप्प राहिलो. मग एकदम लक्षात आले — त्या माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या आहेत.

मोठ्याने म्हणालो, "वहिनी, तुमचा दोष नाही. त्यांना जायचं होतं तिथं मी जाऊन आलो."