चौकोनात सोयाबीन

१२ ऑक्टो.
आर्णीला पोचले. पुण्याच्या टेनिस स्पर्धेत पात्रता फेरीतच बाहेर. समोरचीला मॅच पॉइंट आणि माझा डबल फॉल्ट, नेहमीप्रमाणे डावीकडून सर्व्हिस करताना. तेवढा एक दोष काढायला घरी आले. शेतातलं कोर्ट आपलं, कुणाला विचारायला नको.
कोर्टावर सोयाबीन वाळतंय.
बाबा : "चारच दिवसाचं काम हाय, माय."
माझ्याकडेही तेवढेच आहेत.

१३ ऑक्टो.
तह झाला. अलीकडची बाजू मोकळी. जाळीपलीकडे डावा चौकोन मोकळा, उजव्यात सोयाबीन. डावीकडून मारलेली सर्व्हिस तिरपी जाऊन उजव्यातच पडायला हवी. म्हणजे जे येतं त्याचा सराव करायचा.
घरातल्या काकूला म्हटलं, सोयाबीनचा चौकोन बदल.
"तिकडं निंबाची सावली पडते. तुह्या चेंडूले ऊन लागते का?"
निंब तोडू नका, हे कोर्ट बांधताना मीच म्हटलं होतं.

१४ ऑक्टो.
शेजारचे गजाननकाका त्यांच्या सोयाबीनची ट्रॉली घेऊन हजर. "असं खळं अख्ख्या आर्णीत नाही, पोरी. पानी थांबतच नाही याच्यावर."
थांबेल कसं? शंभर फुटांना फूटभर उतार मी लेव्हल लावून काढला आहे. सिव्हिल डिप्लोमानंतरचं माझं एकमेव बांधकाम. खळं म्हणे.
काकांना नाही म्हटलं. बाबा जेवून उठले ते थेट त्यांच्याकडे गेले.

१५ ऑक्टो.
काकांचं सोयाबीन सकाळी कोर्टावर. मी उभी राहते तेवढी जागा सोडून. उपकार.
वैतागून डावीकडून मारायला लागले, सरळ ढिगात.
काकू धावत आली. "अवं, दाने उडून राह्यले! कायले मारतं तिकडं?"
सांगितलं. डावीकडून येत नाही, म्हणून हरते. घरात हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.
तिने झाडू आणला, मधल्या रेषेला लागून पट्टी मोकळी केली, गोणपाटाइतकी रुंद. "याच्यात मार. भायेर गेला तं दाने तूच वेचजो."
दुपारपर्यंत वेचत होते.

१६ ऑक्टो.
काकू निंबाखाली खुर्ची टाकून बसलेली.
"गेला. वेच."
"गेला."
"हा बरा होता. पुन्हा गेला."
पाठ गेली. चार वाजेपर्यंत वेचणं बरंच कमी झालं. मी सांगायच्या आधी तिनेच पट्टी आणखी अरुंद केली. कोच असले उद्योग करत नाहीत.

१८ ऑक्टो. नागपूर
उद्या इथल्या स्पर्धेत पात्रतेचा एकमेव सामना. जिंकले तर मुख्य फेरी, आयुष्यातली पहिली.
आज सरावाला अख्खा चौकोन रिकामा. नवे चेंडू. डावीकडून : जाळी, बाहेर, बाहेर, जाळी. एवढ्या मोकळ्या जागेत नेमकं कुठे मारायचं तेच दिसेना. शेवटी दोन टॉवेल पसरून मध्ये पट्टी ठेवली. पडायला लागली. संतापजनक.
संध्याकाळी काकूचा फोन.
"तिथं कोनाचं वाळत हाय?"
"कुणाचंच नाही."
"मंग तं सोपंच हाय."
हो म्हटलं.
सामना सकाळी. टॉवेल खुर्चीवरच ठेवावे लागतील. डावीकडून पहिली सर्व्हिस, पट्टीबाहेर सगळं सोयाबीनच वाळतंय असं धरून मारायची.