सगुणाबाईंसाठी प्रार्थना

११ जाने. १९८६, शनि.

ख्रिस्ती मंडळीची आजची महिला सभा आमच्या घरी. एरवी जेमतेम पाच जणी येतात, आज खोली भरली, दोघी तर उंबऱ्यावर बसल्या. कारण मी आणि मी वाचायला काढलेली कादंबरी. खोटा विनय कशाला, ही वही माझीच आहे.

भजन, प्रार्थना, चहा आणि मग वाचन. पहिली तीन प्रकरणं मोठ्याने वाचली. दर सभेला भिंतीला टेकून डुलकी काढणाऱ्या साळवेबाई टक्क जाग्या. मी थांबले तर म्हणाल्या, "एवढंच?"

गोष्ट सगुणाबाईची. नगरकडच्या खेड्यातली विधवा, मंडळीत मोठा मान, शब्दाची पक्की आणि जिभेची त्याहून. एकुलत्या मुलाने, यशवंताने, हिला न विचारता लग्न केलं, तर हिने भर उपासनेत उभं राहून सांगितलं की आजपासून मला मुलगा नाही.

सासूबाई कोपऱ्यात वालपापडी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "बाई जरा आखडूच दिसते." गॅलरीत पेपर वाचणारा प्र. जोरात खोकला. माझ्या नवऱ्याला हसू लपवायला तेवढंच जमतं.

इथे लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही. माझ्याकडच्या सात कादंबऱ्यांतून ही मी मुद्दाम निवडली. मधूसाठी. प्र.चा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी शुभांगीशी लग्न केलं, ती हिंदू. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस. त्याने टाकलं नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नाही. राहतो कुठे, तर मालाडला. मुलुंडहून मालाड म्हणजे काय विलायत आहे? नातीला आजीने पाहिलेलं नाही. प्र. महिन्यातून एकदा 'ओव्हरटाइम' करतो आणि भावाला भेटून येतो. पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं, प्र.ने पाहिलं, मी तर थकले. आता सगुणाबाई काय करते बघू.

१२ जाने., रवि.

आमच्या मंडळीला स्वतःचं चर्च नाही, शाळेचा हॉल भाड्याने. शाळेने एक लोखंडी कपाट दिलंय. त्यात गीतपुस्तकं, प्रभुभोजनाची भांडी आणि सगळ्यांत खाली माझ्या कादंबऱ्या. सगळ्या ख्रिस्ती, सगळ्या मराठी, जुन्या घरांतून मागून जमवलेल्या. किल्ली शलमोनकाकांकडे, ते मंडळीच्या पंचांपैकी एक. आज नाक मुरडून म्हणाले, "पवित्र भांड्यांच्या खाली कादंबऱ्या."

"वर ठेवू का, काका?"

कुलूप लावून निघून गेले.

१४ जाने., मंगळ.

ऑफिसात नलू सावंतने तिळगूळ दिला आणि पुस्तक परत केलं. स्विचबोर्डवर माझ्या शेजारी बसते. मागच्या महिन्यात म्हणत होती, "तुमच्या धर्माची पुस्तकं म्हणजे ती फुकट वाटतात ती ना? नको गं." मी म्हटलं, दहा पानं वाच, नाही आवडलं तर चहा माझा. ही माझ्या सातांतलीच दुसरी, सासू-सुनेची. नलूने दोन दिवसांत संपवली. आज म्हणते, "रडवलंस यार. ही माझ्या सासयेक वाचून दाखवूक व्हयी." मग दोन लाइनी कटल्या, साहेब ओरडला. पण चहा तिने पाजला.

मला या पुस्तकांत काय मिळतं? प्रवचन ऐकताना काय करायला हवं ते मला कळतं, आणि मी घड्याळ बघते. कादंबरीत मला कुणी काही सांगत नसतं. एक बाई चूल फुंकता फुंकता स्वतःशी काहीतरी बोलते आणि मला माझंच मन उघडं दिसतं. शिवाय मजा येते. देवाजवळ जाताना मजा येऊ नये असं कुठे...

गिरणीचं दळण राहिलं. उद्या.

१८ जाने., शनि.

आज कमाल झाली. यशवंत आजारी असल्याचा निरोप सगुणाबाईला येतो. ती कुणाला सांगत नाही, तशीच भाकरी थापत राहते. शेवटी निघते. वाटेत नदीला पूर. नावाडी म्हणतो, यायचं तर आत्ता या, पाणी चढतंय. ती काठावर उभी, पाय उचलत नाही. तिथे प्रकरण संपतं. तिथेच मी पुस्तक मिटलं.

बायकांनी गलका केला. साळवेबाई म्हणाल्या, "एस्तेर, हे काही बरं नाही हां." मी मोठ्या थाटात कप गोळा केले.

जेवताना सासूबाई. ताटाकडे बघत. "ती नदी ओलांडते का?"

"पुढच्या शनिवारी कळेल, आई."

त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

१९ जाने., रवि.

हे नीट लिहायला हवं.

मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी पाळकसाहेब विचारतात, कुणाची काही विनंती? लोक जागेवर उभे राहून सांगतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा बंद पडलेला कारखाना. सासूबाई इतक्या वर्षांत कधी उभ्या राहिलेल्या नाहीत. आपलं दुखणं चारचौघांत मांडणं त्यांना पसंत नाही.

आज उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "सगुणाबाई म्हणून एक बहीण आहे. तिचा मुलगा यशवंत, तो आजारी आहे. मायलेकरांचं बोलणं नाही. ती निघालीय, पण वाटेत अडकलीय."

मी खाली बघितलं. साळवेबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं. पाळकसाहेबांना यातलं काय माहीत? त्यांनी डोळे मिटून फार कळकळीने प्रार्थना केली, की या बहिणीच्या पायांना बळ दे, तिचा हट्ट मोडू नकोस, वितळव. पुढच्या बाकावरच्या शलमोनकाकांनी नाक पुसलं. सगळा हॉल आमेन म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने साळवेबाई, आणि त्यांना तर सगळं ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, ती पुस्तकातली आहे."

"मला काय कळत नाही?"

"मग?"

"मग काय. अडकलीय ना ती."

२१ जाने., मंगळ.

वाट लागली. संध्याकाळी शलमोनकाका दारात, हातात केळी. "सलाम. त्या सगुणाबाईंचा पत्ता हवा होता. पंचांनी भेटीला जायचं ठरवलंय. मुलगा कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

सासूबाईंनी रेडिओवर ठेवलेल्या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाकडे बोट केलं. "ती तिथे राहते."

काकांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले. "वहिनी, अख्ख्या मंडळीने देवापुढे गुडघे टेकले. कोणासाठी? जी जन्मालाच आली नाही तिच्यासाठी?" मग माझ्याकडे वळून, "मी पहिल्यापासून सांगत होतो." पुस्तक काखेत मारून निघून गेले. कमिटीपुढे ठेवणार म्हणे. केळी विसरले. आम्ही खाल्ली.

२५ जाने., शनि.

सभा झाली, वाचन नाही. पुस्तक काकांच्या ताब्यात. उद्या मला पंच कमिटीपुढे बोलावलंय. प्र. म्हणतो, माफी मागून मोकळी हो ना. मी माफी मागणार? बघू.

२६ जाने., रवि.

शाळेचं झेंडावंदन, त्यामुळे उपासना उशिरा. बाहेर पोरांचं लेझीम चालू, आत माझी हजेरी. टेबलावर निळं पुस्तक, पुराव्यासारखं.

शलमोनकाकांनी सगळं सांगितलं. चुकीचं काही सांगितलं नाही, एवढं मान्य करते. त्यांना खरंच लागलंय. म्हणाले, "माझी बायको आजारी होती तेव्हा याच हॉलमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. त्याच जागी ही गंमत?"

मी उभी राहिले. म्हटलं, गंमत कुणी केलेली नाही, काका. प्रभूने लोकांना दाखले सांगितले. त्या दाखल्यांतल्या माणसांचे पत्ते आहेत आपल्याकडे? केळी घेऊन कोण गेलं त्यांच्या भेटीला? तरी आपण ते ऐकतो आणि रडतो, कारण ती माणसं आपल्याच घरात असतात. आमच्या तर आहेतच.

पाळकसाहेब खाली बघून हसले असं मला वाटलं. मी इतकं चांगलं बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं. अजून अंगावर मूठभर मांस चढलेलं आहे.

निकाल मात्र असा: सातही कादंबऱ्या पाळकसाहेब स्वतः वाचणार, तोवर खालचा कप्पा बंद. लेंट, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस, तोंडावर आलाय, त्यात त्यांना सवड कुठली? म्हणजे पुढचा नाताळ उजाडणार.

१ फेब्रु., शनि.

साळवेबाईंकडे सभा. सगळ्या माझ्यामागे लागल्या, तू वाचलंयस, तोंडी सांग. मी ठाम. गोष्ट सांगायची नसते, वाचायची असते. दोन ओळींत शेवट सांगितला तर तो शेवट राहत नाही, बातमी होते.

परत येताना रिक्षा मिळेना, चालत निघालो. रेल्वे फाटकापाशी सासूबाई थांबल्या. "तुला ठाऊक आहे ना, ती जाते का ते?"

"हो."

"सांग."

"वाचून दाखवीन, आई. सांगणार नाही."

रागावतील असं वाटलं होतं. नुसत्या उभ्या राहिल्या. गाडी गेली, फाटक उघडलं, तरी त्यांना भान नाही. मला सगुणाबाईच दिसली तिथे.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली. आठ वर्षं मी रोज मधूसाठी प्रार्थना करतेय. सासूबाईंसाठी? त्यांच्याविरुद्ध केलीय. देवा, यांचं डोकं ठिकाणावर आण, अशी. ही कादंबरी मी त्यांना सरळ करायला आणली होती. त्यांनी मात्र उभं राहून प्रार्थना मागितली ती काठावर अडकलेल्या बाईसाठी. इतका साधा विचार माझ्या मनात आठ वर्षांत आला नाही. आणि म्हणे मी त्यांना शिकवायला निघाले होते.

तरी पुस्तक माझ्या निवडीचं. तेवढं श्रेय घेतेच.

९ फेब्रु., रवि.

पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची काही विनंती? सासूबाई उभ्या राहिल्या. हॉलमध्ये कुजबुज झाली. शलमोनकाका मागे वळून बघायला लागले, आता ही कुठल्या पुस्तकातली, अशा नजरेने.

"माझा मुलगा मधुकर," सासूबाई म्हणाल्या. आवाज अजिबात हलला नाही. "मालाडला असतो. त्याच्यासाठी नको, तो बरा आहे. माझ्यासाठी करा."

बसल्या.

प्र.ने चष्मा काढला आणि परत घातलाच नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना आज दोनच ओळींची. आमेन सगळ्यांत आधी शलमोनकाका म्हणाले. ते मी त्यांच्या खात्यावर जमा करते.

मला माझ्या सासूबाईंचा असा अभिमान वाटला की काय सांगू. घरी येऊन त्यांच्या आवडीचं सुकटीचं कालवण केलं.

११ फेब्रु., मंगळ.

सासूबाई सकाळी म्हणाल्या, या रविवारी मालाडला जाऊ. जेवणाच्या सुट्टीत नलूने लाइन लावून दिली, मालाडला, मधूच्या दुकानात.

"मधू, एस्तेर बोलतेय. आई येतायत म्हणतात. रविवारी."

"कोणाची आई?"

"तुझी."

मागे कुणीतरी गिऱ्हाईक ओरडत होतं. "जेवायला?"

"ते तू सांग."

"शुभांगीला विचारतो. तिला काय काय ऐकावं लागलं होतं, वहिनी, तुला माहीत आहे. उद्या करतो फोन."

नलूने सगळं ऐकलं, मला रागवायचंही सुचलं नाही. तिचेच डोळे भरलेले.

१५ फेब्रु., शनि.

फोन आला नाही. बुधवारी नाही, काल नाही, आज अर्ध्या दिवसातही नाही. दर वेळी घंटी वाजली की नलू माझ्याकडे बघायची. मी केला तर दुकानातला माणूस म्हणतो शेठ बाहेर गेलेत.

सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, राहू दे मग. त्या सांजोऱ्या तळत होत्या. झारा तेवढा क्षणभर थांबला. "त्याने नको म्हटलंय का?"

"नाही. काहीच नाही म्हटलं."

"मग जाऊ या."

१६ फेब्रु., रवि.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी पिशवीतून निळं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. "बाकीच्यांचं पंच ठरवतील. ही मी दोनदा वाचली." त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "आणि माझ्या हातून ओढून घेऊन वाचली." शलमोनकाका कपाटाला कुलूप लावत होते. खालच्या कप्प्याचं काय, ते बोलले नाहीत. पण विचारलं, "मालाडला कशाने जाणार? बसला गर्दी असेल, लवकर निघा."

आता घाईत लिहितेय. प्र. खाली रिक्षा बघायला गेलाय. सासूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पलंगाच्या कडेला बसल्यात, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. नातीसाठी काल बाजारातून फ्रॉक घेतला, अंदाजाने, एक माप मोठाच. माप विचारणार कुणाला?

मी पुस्तक पर्समध्ये टाकलं. शेवटचं प्रकरण लहान आहे. म्हटलं, "आई, बसमध्ये वाचून दाखवू? मालाड येईपर्यंत होईल."

त्यांनी डब्याचं झाकण परत एकदा दाबून बघितलं.

"आता नको," म्हणाल्या. "आल्यावर."